बटाटा लावण्याआधी मुळं बघा: नाशिक भागात सूत्रकृमी ओळखायचा कसा

नाशिक जिल्ह्यात बटाट्याला पहिला मान नाही. तो द्राक्षाचा, त्यानंतर कांदा आणि टोमॅटो. बटाटा येतो तो सोयाबीन मोकळं झालं की, नाहीतर टोमॅटोचा प्लॉट आगाप उरकला की, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नव्याने लावणारा माणूस बेण्याचा भाव विचारतो, वाण विचारतो, ठिबकचं अंतर विचारतो. त्या रानात आधी काय होतं आणि त्याची मुळं कशी निघाली, हे फारसं कोणी विचारत नाही. सूत्रकृमीचा, म्हणजे मातीत राहून मुळांवर जगणाऱ्या धाग्यासारख्या बारीक किड्याचा, अर्धा पत्ता तिथेच लागतो, तोही फुकटात.

आपल्याकडे बटाट्याला मुख्य त्रास मुळावर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचा. शास्त्रीय नाव मेलॉइडोगायनी, आणि त्यातही इन्कॉग्निटा ही जात जास्त आढळते. याचं पिल्लू साधारण 0.4 मिलिमीटर लांब असतं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते कोवळ्या मुळाच्या टोकातून आत शिरतं, एका जागी बसतं आणि आसपासच्या पेशी फुगवून त्यांच्यावर जगतं. मादी नासपतीच्या आकाराची होते आणि चिकट पुंजक्यात दोनशे ते पाचशे अंडी घालते. जमिनीचं तापमान 25 ते 28 अंश असेल तर महिन्याभरात एक पिढी पुरी होते. टोमॅटोच्या एका हंगामात तीन-चार पिढ्या सहज निघतात, आणि टोमॅटो संपला तरी हे पाहुणे रानातच राहतात. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, कारली, डाळिंब, द्राक्ष या सगळ्यांवर हाच किडा चालतो. बटाटा त्याला परका नाही.

सामानात फार काही लागत नाही: कुदळ, दोन बादल्या, दहापट मोठं दाखवणारं भिंग, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, मार्कर आणि पांढरा कागद.

पहिली पायरी: आधीच्या पिकाची मुळं

टोमॅटोचे बांबू-तार काढून झाडं उपटायला मजूर लागले की त्या दिवशी तुम्ही रानात असलंच पाहिजे. झाडं बांधावर फेकली आणि वाळली की काही कळत नाही. रोटाव्हेटर फिरला तर विषयच संपला.

झाड हिसका मारून उपटू नका. हिसक्याने जाड मूळ हातात येतं आणि बारीक तंतुमुळं जमिनीतच राहतात, आणि बटाट्याला त्रास देणारा सगळा माल त्या तंतुमुळांवर असतो. झाडापासून वीतभर अंतरावर कुदळ घाला, ढेकळासकट झाड उचला आणि तसंच बादलीत बुडवून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत माती सुटायला लागते. मग हलक्या हाताने हलवा, दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यातून काढा आणि मुळं पांढऱ्या कागदावर पसरा. नळाचा जोरदार फवारा मारू नका, त्यात तंतुमुळं तुटून वाहून जातात.

आता भिंग लावा. निरोगी मूळ सरळ, एकसारख्या जाडीचं आणि फांद्याफांद्यांचं असतं. बाधित मूळ जागोजागी फुगलेलं दिसतं. सुरुवातीला मोहरीएवढ्या गाठी असतात, पुढे त्या एकमेकींत मिसळून मूळ वेडंवाकडं आणि जाडजूड होतं. गाठीच्या पृष्ठभागावर तपकिरी चिकट ठिपका दिसला तर तो अंडीपुंज. गाठ ब्लेडने उभी चिरा. आत पांढरट, चमकदार, टाचणीच्या टोकाएवढे दाणे दिसले तर त्या माद्या.

गाठी किती आहेत याची नोंद ठेवायची एक जुनी मोजपट्टी आहे, 0 ते 5 अशी. एकही गाठ नसेल तर 0. एक-दोन गाठी 1, तीन ते दहा 2, अकरा ते तीस 3, एकतीस ते शंभर 4, आणि शंभराच्या वर 5. एकरात आठ-दहा झाडं तपासा. त्यात कमजोर पट्ट्यातली निम्मी घ्या, बाकी चांगल्या भागातली. सगळी चांगल्या भागातली घेतली तर मनाचं समाधान होईल, तपासणी होणार नाही. सरासरी 2 च्या वर गेली तर त्या रानात या रब्बीला बटाटा लावायचा का, यावर घरात बसून बोला. 4 किंवा 5 आली तर मी तरी लावणार नाही.

सोयाबीनच्या रानात नवखा माणूस हमखास फसतो. सोयाबीनच्या मुळावर नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात, त्या चांगल्या. ओळखायची पद्धत सोपी आहे. जिवाणूची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि नखाने हलकं ढकललं की सुटून येते. फोडली तर आतून गुलाबी-लालसर दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. ती वेगळी निघत नाही, ओढली तर मूळ तुटतं. एकाच झाडावर दोन्ही असू शकतात, म्हणून चार-पाच गाठी नखाने ढकलून बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

रान पडीक असेल तर तणं उपटा. कामोणी, काटेमाठ आणि घोळ ही तिन्ही या सूत्रकृमीची यजमान आहेत. पडीक रानात वर्षभर कामोणी माजली असेल तर जमिनीला विश्रांती मिळाली, असं समजू नका.

दुसरी पायरी: मातीचा नमुना

खतांच्या तपासणीसाठी माती काढायची सवय बहुतेकांना असते, आणि इथे तीच सवय नडते. खतासाठीची माती आपण सावलीत वाळवतो, कुटतो, चाळतो. सूत्रकृमीसाठीची माती वाळवली तर आतली पिल्लं मरतात किंवा हालचाल थांबवतात, आणि प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ येतो. हा नमुना ओलसरच राहिला पाहिजे.

वाफसा असताना नमुना घ्या. चिखलात नको आणि भेगा पडलेल्या रानातही नको. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती बाजूला सारा, कारण उन्हाने तापलेल्या त्या थरात काही मिळत नाही. त्याखाली 15 ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतची, जिथे मुळं खेळतात तिथली माती घ्या. एकरात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणांहून मूठमूठ माती घ्या आणि घमेल्यात हलक्या हाताने मिसळा. त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. जिवंत झाडं असतील तर मूठभर बारीक मुळंही त्याच पिशवीत टाका, म्हणजे ती सुकत नाहीत.

जमीन दोन प्रकारची असेल तर नमुने दोन करा. आपल्याकडे एकाच गटात वरच्या बाजूला मुरमाड आणि खालच्या बाजूला काळी जमीन असं सर्रास असतं. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला हलकी, रेताड, पोकळ माती मानवते. भारी काळीत त्याला हिंडायला अडचण होते. दोन्ही एकत्र मिसळली तर मुरमाड पट्ट्यातला धोका सरासरीत झाकला जातो.

पिशवीचं तोंड बांधा, बाहेरून मार्करने गट क्रमांक, आधीचं पीक आणि तारीख लिहा. आत कागद टाकला तर ओलाव्याने त्याचा लगदा होतो. पिशवी मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर ठेवू नका, फ्रीजरमध्ये तर अजिबात नको. सावलीत, गार जागी ठेवा आणि दोन-तीन दिवसांत पोचती करा.

कुठे द्यायची? यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र नाशिकलाच आहे, विचारपूस तिथून सुरू करा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर संशोधन चालतं. निघण्याआधी फोन करून सूत्रकृमीची तपासणी होते का, शुल्क किती आणि नमुना कोणत्या वारी घेतात, हे विचारा. नुसतं माती परीक्षण म्हणालात तर नत्र, स्फुरद, पालाशचाच कागद हातात येईल.

वेळेचंही भान ठेवा. मे महिन्यात, नांगरट तापून भाजलेल्या रानातला नमुना खोटा दिलासा देतो. तेव्हा वरच्या थरात संख्या तळाला गेलेली असते. आधीचं पीक संपतानाचा नमुना सर्वांत बोलका.

तिसरी पायरी: कुंडीतली चाचणी

ज्याला प्रयोगशाळेत जाणं जमत नाही, किंवा तिच्या निकालाची खातरी करायची आहे, त्याने ही चाचणी करावी. माझ्या मते नवख्यासाठी यापेक्षा विश्वासाची गोष्ट नाही, कारण इथे उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

संशयित रानातली माती वर सांगितल्याप्रमाणे गोळा करा आणि तिचे दोन भाग करा. एक भाग तसाच कुंडीत भरा. दुसरा भाग ओलसर करून जुन्या पातेल्यात झाकण ठेवून चुलीवर चांगला अर्धा तास वाफवा, मधून मधून हलवत राहा, पूर्ण गार होऊ द्या आणि दुसऱ्या कुंडीत भरा. दोन्हीत टोमॅटोचं रोप लावा. रोप सूत्रकृमीला बळी पडणाऱ्या वाणाचं हवं, पुसा रुबी चालतो. रोपवाटिकेतलं संकरित रोप सूत्रकृमीला प्रतिकारक असेल तर गाठीच येणार नाहीत आणि रान चांगलं आहे असा समज होईल. शिवाय रोप नारळाच्या भुश्यातलं असावं, मातीच्या गादीवाफ्यातलं नको, नाहीतर किडा रोपाबरोबरच येईल.

कुंड्या उबदार जागी ठेवा, पाणी बेताचं द्या आणि एकीचं पाणी दुसरीत वाहू देऊ नका. पाच-सहा आठवड्यांनी दोन्ही रोपं बादलीत धुऊन मुळं शेजारी-शेजारी ठेवा. वाफवलेल्या मातीतली मुळं स्वच्छ आणि दुसरीवर गाठी, तर प्रश्न मिटला. दोन्हीवर गाठी असतील तर रोपच बाधित होतं, चाचणी पुन्हा करा.

ऑक्टोबरात बटाटा लावायचा तर या कुंड्या ऑगस्टमध्येच भराव्या लागतात. लावणीच्या आठवड्यात आठवण येऊन उपयोग नाही.

ताटलीत टिश्यू पेपरवर माती पसरून, खालून पाणी लागेल असं ठेवायचं आणि दोन दिवसांनी पाण्यात उतरलेले सूत्रकृमी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, अशीही पद्धत आहे. शाळेतल्या मास्तरांच्या ओळखीने सूक्ष्मदर्शक मिळेलही. पण मातीत पिकाला काही न करणारे, जिवाणू आणि बुरशी खाऊन जगणारे सूत्रकृमी भरपूर असतात. वळवळणारं काहीही बघून घाबरायला होतं. पिकावर जगणाऱ्यांच्या तोंडात बारीक सुई असते आणि ती ओळखायला सराव लागतो. हौस म्हणून करा, निर्णय त्यावर घेऊ नका.

चौथी पायरी: बेणं

आपल्याकडचं बरंचसं बेणं पंजाबातून, विशेषतः जालंधरकडून येतं. पोती उतरली की प्रत्येक पोत्यातून पाच-सात बटाटे वेगळे काढा. ते वरवरचे नकोत, तळाचे हवेत. धुवा आणि बघा. साल एकसारखी हवी. सालीवर पुळ्यांसारखे उंचवटे दिसले तर त्या जागी सुरीने कागदाइतकी पातळ साल काढा. सालीखाली काही मिलिमीटरच्या आत तपकिरी ठिपके दिसले आणि ठिपक्याच्या मधे भिंगाखाली मोत्यासारखा पांढरा दाणा दिसला, तर बेणं सूत्रकृमीचं आहे.

इथेही दोन गोष्टी गोंधळ घालतात. स्कॅब या सालीच्या रोगात साल खडबडीत, खपलीसारखी होते, पण सोलल्यावर आत स्वच्छ गर निघतो. पाणी जास्त झालेल्या रानातल्या बटाट्यावर श्वसनछिद्रं फुगून पांढरे कापसासारखे ठिपके येतात. ते बोटाने पुसले जातात आणि आत काही नसतं. सोलल्याशिवाय निकाल नाही.

बेण्याबाबत एक दुसरा, आणखी गंभीर सूत्रकृमी माहीत असायला हवा: बटाट्यावरचा सिस्ट सूत्रकृमी, ग्लोबोडेरा. भारतात तो 1961 मध्ये तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात, उटीजवळ सापडला. पुढे हिमाचल, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंडच्या डोंगरी भागातही मिळाला आणि तिथून बेणं बाहेर नेण्यावर निर्बंध आले. त्याला थंड हवामान लागतं, त्यामुळे आपल्या रानात तो दिसण्याची शक्यता कमी. पण त्याची मादी मेल्यावर तिचंच शरीर कडक, तपकिरी पुटकुळी बनतं, साधारण अर्धा मिलिमीटरची. आत शेकडो अंडी असतात आणि ती वीस-वीस वर्षं जमिनीत टिकतात. म्हणून निलगिरी किंवा हिमालयी डोंगराचं बेणं कुणी स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका. प्रमाणित बेण्याच्या पोत्याचं लेबल आणि बिल जपून ठेवा.

पोत्याच्या तळाशी उरलेली माती फेकण्याआधी बघायची असेल तर ती पूर्ण वाळवा आणि पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यात सोडा. ढवळा, थांबा. वाळलेल्या पुटकुळ्या हलक्या असल्याने काडीकचऱ्यासोबत वर तरंगतात आणि भांड्याच्या कडेला लागतात. कडेने पांढरा कागद फिरवून तरंगणारा कचरा उचला आणि भिंगाने बघा. गोल, तकतकीत, तपकिरी दाणे दिसले म्हणजे तेच, असं नाही, तणांचं बी तसंच दिसतं. संशय आला तर कागद तसाच घडी करून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, ती माती रानात किंवा उकिरड्यावर टाकू नका.

पाचवी पायरी: उभं पीक

लावणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी सकाळी नाही, दुपारी रानात फिरा. सूत्रकृमीचं रान सबंध पिवळं पडत नाही, ते चट्ट्याचट्ट्यांनी बसतं. चट्ट्यातली रोपं बुटकी, पानं लहान आणि फिकट असतात. ठिबक चालू असूनही दुपारी ती माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. चट्टा पुष्कळदा नांगरटीच्या दिशेने लांबट असतो, कारण अवजारानेच माती ओढत नेलेली असते.

पण अशी माना टाकायची कारणं बरीच आहेत, म्हणून खणल्याशिवाय बोलू नका. आधी ठिबकचे ड्रिपर बघा, चोंदलेले असतील. मुळं कुरतडलेली असतील तर हुमणी. झाड संध्याकाळीही उठत नसेल तर जिवाणूजन्य मर असू शकते. खोडाचा तुकडा कापून पाण्याच्या स्वच्छ ग्लासात लटकवा. कापातून दुधासारखी पांढरी धार उतरली तर ती मर. गाठीवाल्या मुळांतून मरीचा जिवाणू सोयीने आत शिरतो, त्यामुळे दोन्ही एकत्र मिळाले तर आश्चर्य नको.

बटाट्याच्या मुळावरच्या गाठी टोमॅटोएवढ्या ठसठशीत नसतात. बारीक मण्यांसारख्या असतात आणि मातीच्या कणांत हरवून जातात. धुवायला वेळ द्या, भिंग वापरा.

आणि थंडी लक्षात घ्या. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत राज्यात सगळ्यात खाली जातो, हे दरवर्षी बातम्यांत येतंच. जमीन गार पडली की या सूत्रकृमीची वाढ मंदावते. जानेवारीत मुळं स्वच्छ दिसली म्हणून रान स्वच्छ ठरत नाही. रब्बीच्या पिकात एक तपासणी थंडी बसायच्या आधी करा आणि दुसरी थेट काढणीला. जूनमध्ये लावलेल्या खरिपाच्या बटाट्यात मात्र लक्षणं लवकर आणि ठळक दिसतात.

काढणीच्या दिवशी

प्रतवारी करताना पुळ्यांचे, ओबडधोबड बटाटे बाजूला काढा आणि चट्ट्याप्रमाणे वेगळे ठेवा. ते कोणत्या सऱ्यांतून आले हे लिहून घ्या, कारण पुढच्या वर्षीचा नमुना तिथूनच घ्यायचा आहे. असा माल घरच्या बेण्यासाठी ठेवायचा नाही. आत्ता साल गुळगुळीत दिसली तरी आत मादी असू शकते आणि उबदार साठवणीत तिची वाढ चालूच राहते.

अहवाल आला, आता पुढे

अहवालात आकडा सहसा 100 ग्रॅम किंवा 200 सीसी मातीमागे दिलेला असतो. आधी नाव वाचा, मग आकडा. मेलॉइडोगायनी लिहिलं असेल तर भाजीपाल्यात ढोबळमानाने प्रति ग्रॅम मातीत एक-दोन पिल्लं ही धोक्याची पातळी धरतात. 200 सीसीचा आकडा दोनशे-चारशेच्या घरात असेल तर बटाटा पुढे ढकला.

उपायांचा तपशील हा वेगळा विषय आहे, इथे दिशा तेवढी सांगतो. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरून रान तापू द्यायचं. टोमॅटो-बटाटा-वांगी ही साखळी तोडायची. झेंडू लावायचा, त्याच्या मुळांतल्या अल्फा-टरथायनिल या द्रव्याने सूत्रकृमी मरतात. पण बांधाच्या कडेला एक ओळ लावून काही होत नाही. सबंध रानात दोन-तीन महिने झेंडूच उभा हवा, आणि दसऱ्याचा बाजार धरला तर त्याचे पैसेही होतात. निंबोळी पेंड आणि पॅसिलोमायसिस ही बुरशी लावणीआधी द्यायची, गाठी दिसल्यावर नाही. फोरेट सुचवणारे अजूनही भेटतात. त्याच्या विक्रीवर आणि वापरावर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे. दुसरं कोणतंही औषध घेताना लेबलवर बटाटा आणि सूत्रकृमी ही दोन्ही नावं आहेत का, ते वाचूनच घ्या.

भाड्याचा ट्रॅक्टर आधी कोणाच्या रानात होता, हेही विचारा. रोटाव्हेटरच्या पात्यांना चिकटलेली माती रानाबाहेर, बांधाच्या पलीकडे धुऊन घ्यायला लावा. चालकाची कुरकूर होईल. डिझेलच्या पैशांत शंभर-दोनशे वर धरून आधीच बोलून ठेवा, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.